चौथी चौकट

साहित्याच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका करणं म्हणजे काय असतं, हे ज्यानं केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. आधी वक्त्यांचे फोटो येतात, तेही फोनवर, आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी समारंभातल्या गर्दीतले. मग त्या वक्त्याच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात असतो, तो मनगटापासून छाटून खांदा नव्याने रंगवावा लागतो. परिचय चार ओळींचा मागितलेला असतो, येतो दोन पानांचा. अध्यक्षांचा फोटो इतरांपेक्षा नेमका किती मोठा असावा यावर तीन फोन होतात. संस्थेचं चिन्ह जरा मोठं करा म्हणतात, मोठं केलं की जरा अंगावर येतंय म्हणतात. आणि एवढं सगळं होऊन कागद छापून आला की जो तो आपलं नाव शोधतो, सापडलं की घडी घालून खिशात टाकतो. ते नाव तिथे बसवणाऱ्या बाईची आठवण निघते ती फक्त नाव चुकलं तर.

ही बाई सव्वीस वर्षं हेच करत होती. कथावाचनं, काव्यमैफली, चित्रप्रदर्शनं, पुस्तकांचे प्रकाशनसमारंभ, जे येईल ते. संस्थांची मंडळी तिला डिझायनरबाई म्हणत, आणि तिचं खरं नाव त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं देव जाणे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याचं आडनाव तेवढं दारावरच्या पाटीवर आणि तिच्या कामाच्या बिलांवर राहिलं होतं. घरात आता दोघंच, ती आणि तिचे वडील. चौऱ्याऐंशी वर्षांचे नाना बावन्न वर्षांच्या, गुडघे धरून उठणाऱ्या लेकीला अजून छकुली म्हणत. मागच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल, त्यावर संगणक, आणि तिच्या खुर्चीला लागूनच नानांची आरामखुर्ची, कारण नाना उभा जन्म एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पान छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकायच्या, हा त्यांचा धंदा. निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली तरी लाल पेन्सिल काही हातातून सुटली नव्हती, आणि लेकीनं केलेला प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. चूक सापडली की ते न बोलता खूण करत. न सापडली तर न बोलता कागद परत देत. शाबासकी द्यायची म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर यायचं.

तिनं एकदा गोष्ट लिहिली होती. चोवीस वर्षांची असताना, एकच, एकोणीस पानांची. ती लिहिताना तिला जेवणखाण सुचलं नव्हतं, आणि लिहून झाल्यावर सगळ्यात आधी तिनं ती नानांच्या हातात दिली होती. तिसऱ्या दिवशी पानं परत आली तेव्हा त्यांवर लाल खुणाच खुणा होत्या, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी नानांनी त्यांची बेरीज मांडली होती: ४१. बाकी एक अक्षर नाही. बरी आहे, वाईट आहे, पुढे लिही, लिहू नकोस, काही म्हणजे काही नाही. तिनं ती पानं कपाटात खाली घातली आणि पुढे कधी लिहिलं नाही. नानांना यातलं काही आठवत असेल असं तिला वाटत नव्हतं. तिला मात्र तो आकडा पाठ होता, आणि आईच्या माघारी नानांना आपल्याकडे आणताना, त्यांचं पथ्यपाणी करताना, त्यांची नखं कापताना तिच्या मनात कुठेतरी एकच आशा होती, की हा माणूस जाण्याआधी एकदा तरी आपल्याला चांगलं म्हणेल. एवढीशी गोष्ट. पण ती मागून मिळण्यातली नव्हती, आणि न मागता मिळत नव्हती.

त्या महिन्यात कथावाचनाचा कार्यक्रम होता. चार कथाकार, चार चौकटी. तीन फोटो आले आणि चौथ्यापाशी घोडं अडलं. "चौथं नाव अजून ठरत नाहीये हो," संस्थेचे कार्यवाह फोनवर म्हणाले, "तुम्ही तोवर जागा धरून ठेवा." जागा धरायची म्हणजे तिथे काहीतरी डमी टाकून ठेवायचं. या धंद्यात डमीचा एकच नियम आहे: ते मुद्दाम विचित्र असावं. नावाच्या जागी कखगघ, फोटोच्या जागी मांजर, म्हणजे चुकून राहिलं तरी आंधळ्याच्याही लक्षात येईल. सव्वीस वर्षं तिनं तो नियम पाळला होता. त्या दिवशी मात्र का कोण जाणे, सकाळपासून डोकं उठलेलं होतं म्हणा किंवा बाकीच्या तिघांचे फुगवलेले परिचय वाचून तोंड कडू झालं होतं म्हणून म्हणा, तिनं कपाटातून स्वतःचा चोविसाव्या वर्षीचा फोटो काढला, चौथ्या चौकटीत बसवला, खाली स्वतःचं लग्नाआधीचं नाव घातलं, आणि परिचयही लिहिला, चार ओळींत, नेमका. तीन कथासंग्रह. मोजकं लिहिणाऱ्या. वडिलांच्या प्रोत्साहनाने लेखनाला सुरुवात. शेवटचं वाक्य लिहून ती एकटीच हसली, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

नेमकी त्याच आठवड्यात नानांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, त्यामुळे कागद त्यांच्या नजरेखालून गेला नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून तिनं तो कार्यवाहांना पाठवला, त्यांचा उलट निरोप आला, फायनल, आणि तिनं फोनवरूनच फाईल छापखान्याकडे ढकलली. दोन दिवसांनी पत्रिकांचा गठ्ठा घरी आला. तिनं वरची पत्रिका उचलली. चौथ्या चौकटीतून ती स्वतःच स्वतःकडे बघत होती, वेणी पुढे घेतलेली, हनुवटी जराशी वर.

तिनं लगेच कार्यवाहांना फोन लावला. माफी कशी मागायची याची वाक्यं तिनं मनात जुळवून ठेवली होती, पण पलीकडून आवाज आला तो खुशीचा. "छानच झालीय हो पत्रिका! आणि चौथ्या बाईंचं तेवढं बरं झालं. मी म्हटलं नाव कुणाचं मिळतंय की नाही."

"अहो, पण ते नाव..."

"त्यांचा होकार आलाय ना. येतायत त्या. तुम्ही नका काळजी करू."

तिला वाटलं, चेष्टा करतायत. मग वाटलं, एकाच नावाच्या दोन बायका काय जगात नसतात? बोलाफुलाला गाठ पडली असेल. आपण केलेल्या कार्यक्रमांना ती कधी जात नसे, याही वेळी गेली नाही. पण सोमवारी फोन आला. "काय सांगू तुम्हाला, चौथ्या बाईंनी सभा जिंकली! माणसं रडत होती." पाठोपाठ वृत्तांतासाठी फोटो आले. पहिल्यात चार खुर्च्या, चौथीवरच्या बाईचा चेहरा माइकनं झाकलेला. दुसऱ्यात पाठ. तिसऱ्यात ती हसून कुणाला तरी सही देत होती, आणि तो फोटो डिझायनरबाईनं मोठा करून पाहिला, आणखी मोठा केला, इतका की चेहऱ्याचे चौकोनी ठिपके झाले, मग परत लहान केला. बाई पन्नाशीची होती. डाव्या भुवईवर लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची खोक होती. स्वतःच्या भुवईला हात लावून बघायचा तिला धीर झाला नाही. तोच चेहरा, तंतोतंत. फरक एवढाच की तो थकलेला नव्हता.

त्यानंतर कामं येत गेली आणि त्या प्रत्येक कामात ती बाई येत गेली. आधी चौथी, मग दुसरी, मग पहिली, मग एकटीच. "त्यांचा फोटो जरा मोठा घ्या," असे फोन येऊ लागले. परिचय आता डिझायनरबाईनं लिहायची गरज उरली नव्हती; तो आयोजकांकडून तयार यायचा, आणि त्यात पुरस्कार वाढलेले असायचे. एकदा तिनं सरळ ती चौकट उडवली. तिघांचीच पत्रिका केली, पाठवून दिली आणि वाट पाहिली. छापून आल्या त्या चार चौकटी. छापखानेवाल्याला झापायला गेली तर तो बापडा म्हणाला, "ताई, अकरा वाजता तुमचीच तर सुधारलेली फाईल आली," आणि त्यानं तिला ती दाखवली. तिच्याच पत्त्यावरून आली होती. अकरा वाजता ती नानांना आंघोळ घालत होती, हे तिला पक्कं आठवत होतं. आठवत होतं ना? घरी येईपर्यंत तेही तिला खात्रीनं सांगता येईना.

यावर कुणाशी बोलायची सोय नव्हती. बोलणार काय? माझ्या फोटोतली बाई हॉलवर जाते आणि मी घरी बसते? लोक हसतील, नाहीतर कीव करतील, आणि कीव तर तिला बिलकूल सोसायची नाही. तिला राग येत होता, सकाळी उठल्यापासून येत होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नसल्यामुळे ती भांड्यांवर काढत होती.

नानांना आता नव्या डोळ्यानं स्वच्छ दिसू लागलं होतं. एका दुपारी ती कामात असताना ते आरामखुर्चीत मासिक वाचत होते, आणि बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही म्हणून तिनं वळून पाहिलं, तर नाना रडत होते. आई गेली तेव्हाही जो माणूस रडला नव्हता तो.

"काय झालं, नाना?"

"काही नाही गं. गोष्ट आहे." त्यांनी चष्मा पुसला. "हिला लिहिता येतं."

तिनं मासिक हातात घेतलं. पहिलं वाक्य वाचलं आणि पुढचं वाचायची गरज पडली नाही, ते तिला येत होतं. एकोणीस पानं, तीच; फक्त त्यात एकही चूक नव्हती. ती धावत कपाटाकडे गेली, खालचा कप्पा उपसला. जुनी बिलं, नवऱ्याची प्रमाणपत्रं, आईचे चष्मे. पानं नव्हती.

"नाना, ही गोष्ट माझी आहे," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मी लिहिलेली. तुम्ही वाचलीत. एक्केचाळीस चुका काढल्यात."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर बघत, एखाद्या शेजाऱ्याशी बोलावं तसे ते बोलू लागले. "माझ्या मुलीनं लिहिली होती एक. फार चांगली होती. इतकी चांगली की मला भीती वाटली, हिला कुणी नावं ठेवू नयेत. म्हणून चुका तेवढ्या काढून दिल्या. चांगली आहे हे सांगायचं राहूनच गेलं. मग वर्षं गेली. म्हातारपणी तोंड उघडायला लाज वाटते हो."

अठ्ठावीस वर्षं थांबली होती ती या वाक्यासाठी. त्यांच्या पायाशी बसून, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "मग आता सांगा ना, नाना. मी आहे इथे."

"सांगितलं की," नाना म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "परवा कार्यवाह मला गाडीतून हॉलवर घेऊन गेले ना, तेव्हा भेटली. सगळ्यांच्या देखत सांगितलं. गळ्यात पडून रडली बिचारी."

परवा नाना घराबाहेर गेलेच नव्हते, अशी तिची समजूत होती. परवा तिला दुपारी जरा डुलकी लागली होती, एवढं खरं.

डॉक्टर म्हणाले, वय झालंय, विसरायचंच. मनाला लावून घेऊ नका. तिनं मान डोलावली. पण नाना विसरत काहीच नव्हते. गोळ्यांच्या वेळा, शेजाऱ्यांची नावं, छापखान्यातल्या यंत्रांचे आकडे, सगळं जागच्या जागी होतं. विसरले ते फक्त छकुली म्हणायचं. चहा दिला की आता ते आभार मानत. "तुम्ही जेवलात का?" असं विचारत. चांगलं वागत तिच्याशी, पूर्वीपेक्षा कितीतरी चांगलं, आणि तेच तिला सोसत नव्हतं. दुपारी ती बाहेरून आली की कधी कधी स्वयंपाकघरात दोन कप विसळून पालथे घातलेले दिसत, आणि नाना कुठलं तरी गाणं गुणगुणत असत.

मग पुस्तक आलं. त्या बाईच्या निवडक कथा, दोनशे चाळीस पानं, आणि मांडणीसाठी प्रकाशकांना दुसरं कोण सुचणार? "लेखिकाबाईंचा आग्रहच आहे, तुम्हीच करावी," प्रकाशक म्हणाले, "आणि मुद्रितं नानांनी वाचावीत." तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाली. दीड महिना ती त्या कथा पानांत बसवत होती. प्रत्येक कथा तिच्या आयुष्यातली होती. जिथे तिनं लग्नाला हो म्हटलं होतं तिथे कथेतली मुलगी नाही म्हणत होती. जिथे ती घरी थांबली होती तिथे मुलगी निघून जात होती. चांगल्या होत्या कथा. हे कबूल करताना तिला कडूजहर वाटलं, पण चांगल्या होत्या, आणि ओळी मोडताना, परिच्छेद सांभाळताना तिनं जीव ओतला, कारण वाईट काम तिला करताच येत नव्हतं.

शेवटी तिनं एक गोष्ट केली. सव्वीस वर्षांत तिनं कुठल्याच कागदावर स्वतःचं नाव घातलं नव्हतं. या पुस्तकात घातलं. चौथ्या पानावर, प्रकाशकाच्या पत्त्याखाली, बारीक अक्षरात: मांडणी, आणि पुढे तिचं नाव, नवऱ्याच्या आडनावासकट. नाना प्रत्येक अक्षर वाचतात. तेव्हा हेही वाचतील. आणि वाचलं की त्यांच्या डोक्यात काहीतरी हलेल, ते मान वर करतील, म्हणतील, अगं, ही तू. बास, एवढंच. बाकीचं सगळं घेऊन जाऊ दे त्या बाईला.

नानांनी मागून पुढे वाचायला सुरुवात केली. तशीच त्यांची जुनी सवय होती, म्हणजे गोष्टीत गुंतून चूक निसटत नाही. आठ दिवस ते वाचत होते आणि आठ दिवस ती शेजारी बसून पेन्सिलीकडे बघत होती. पेन्सिल हलली नाही. एक पान नाही, एक काना नाही. दोनशे छत्तीस पानं निर्मळ गेली. नवव्या दिवशी, ऐन सकाळी, खिडकीतून टेबलभर ऊन आलेलं असताना, नाना चौथ्या पानाशी आले, आणि थांबले.

त्यांनी पान उन्हात धरलं. भिंग घेतलं. ओठ हलवत ते नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"सापडली," नाना समाधानानं म्हणाले. "एकच, पण सापडली." आणि लाल पेन्सिलीनं त्यांनी ती ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ कापली, समासात काढून टाकण्याची खूण केली, आणि पान तिच्यापुढे सरकवलं. "डमी राहिलीय बघा तुमची. असं नाव कुणाचं नाही यात. बरं झालं, छापून गेलं असतं म्हणजे?"

काय बोलायचं ते सगळं तिच्या ओठांवर आलं होतं, नाना, मी, छकुली, पाटी बघा दारावरची, पण नाना इतके आनंदात होते, आठ दिवसांच्या कामाचं चीज झाल्यासारखे, आणि नानांची दुरुस्ती न करता कागद पुढे पाठवणं तिला आजवर जमलं नव्हतं. तिनं चौथं पान उघडलं, ओळ निवडली आणि पुसली. वरचा मजकूर किंचित खाली आला, पान नीट बसलं. खरं सांगायचं तर आधीपेक्षा चांगलं दिसू लागलं.

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. गुडघे न दुखणाऱ्या बाईची, एकेक पायरी सलग.

"आली," नाना म्हणाले, आणि काठी न घेता उठले. "ये गं, दार उघडंच आहे!" मग काहीतरी आठवल्यासारखं करून ते मागे वळले आणि अगदी हळू, कुणाचं मन दुखावू नये अशा आवाजात तिला म्हणाले, "तुमचं झालं असेल तर... म्हणजे, ती बसते तिथे."

तिनं फाईल साठवली, चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि उठून खुर्ची मोकळी केली.